बर्नरकडचं बेअरिंग

३ मार्च, सोमवार

पुन्हा जाम! तेच टोक – बर्नरकडचं. सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि आतून ती किंकाळी, लोखंडावर लोखंड घासल्याची. चेन थांबली. चेनवरचे, रबरात बुडून आलेले फुग्यांचे साचे अर्धे भट्टीत, अर्धे बाहेर. आतल्या साच्यांवरचे फुगे बघता बघता तपकिरी झाले. जळक्या रबराचा वास एकदा नाकात बसला की रात्री जेवण गोड लागत नाही.

भट्टी थंड व्हायची वाट बघायला पीयूषशेठ तयार नाहीत. "रामनाथभाई, जल्दी करो ने! लग्नसराईचा माल आहे." मंडपाला फुगे, वाढदिवसाला फुगे, दुकानाच्या उद्घाटनाला फुगे. फुटले की संपले. पण त्यासाठी मी ह्या वयात वाकून भट्टीत शिरायचं!

पुलर लावून बेअरिंग खेचताना डावा हात हाऊसिंगला, म्हणजे बेअरिंगच्या तापलेल्या लोखंडी घराला, टेकला. मनगटाच्या वर लाल पट्टा उठलाय. घरी कुसुमने अंगणातली कोरफड चिरून लावली. ती बोलत नाही तेव्हा जास्त लागतं.

४ मार्च

हात ठणकतोय. मशीन चालू. बाकी काही नाही.

६ मार्च, गुरुवार

सुरतेच्या व्यापाऱ्याने माल परत पाठवला. फुगे चिकट झालेत, फुगवले की फुटतात. मी पेटीतला एक फुगा दोन बोटांत ताणला. तेलाचा वास. कळलं – बेअरिंगमधलं ग्रीस तापून पातळ होतं आणि खालून जाणाऱ्या साच्यांवर ठिबकतं. रबराला तेलाचा थेंब म्हणजे विषच.

पीयूषशेठ म्हणाले, "बेअरिंग तर चांगल्या कंपनीचं घेतो ना आपण?"

"कंपनी चांगलीच आहे शेठ. पण हे बेअरिंग ह्या जागेचं नाही."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते मलाच नीट सांगता येईना. एवढी वर्षं मी इथल्या दुकानात जुनं बेअरिंग दाखवतो, दुकानदार तसंच नवं काढून देतो. मशीन लावणाऱ्याने पहिल्या दिवशी जे घातलं तेच आजतागायत चाललंय. कोणी विचारच केला नाही. मी तरी कुठे केला!

दुपारी परत जाम. मी आत घामाने निथळतोय, आणि बाहेर बदामाच्या झाडाखाली बायका पाय पसरून हसतायत. भट्टीतून आलेल्या साच्यांवरून फुगे उतरवायचं काम त्यांचं. मशीन थांबली की काम थांबलं. सगळ्या झरी गावच्या; शुक्री वयाने सगळ्यांत मोठी, ती तंबाखू मळत बसलेली. नवशी लेकराला पाजत होती. मला रागच आला. माझा जीव जातोय आणि ह्यांची जत्रा चाललीय!

९ मार्च, रविवार

मोटारसायकलवर वापीला गेलो. सुट्टीचा दिवस, पण नविनभाई दुकानात होते. बेअरिंगचाच धंदा, आणि माणूस विकायच्या आधी प्रश्न विचारणारा. जळकं बेअरिंग समोर ठेवलं. त्यांनी ते फिरवून बघितलं नाही, आधी हुंगलं.

"भट्टी किती डिग्रीला चालते?"

मी मीटरवरचा आकडा सांगितला.

"ते हवेचं. मी बेअरिंगचं विचारतोय. बेअरिंग स्वतः किती तापतं?"

माहीतच नाही!

"त्यात बसलेला शाफ्ट जोरात फिरतो की हळू?"

"हळू. चेन रांगत चालते."

"बेअरिंग भट्टीच्या भिंतीबाहेर आणता येईल?"

"नाही. त्या बाजूला बर्नरचा कप्पा आहे. बोट जाईल एवढी पण जागा नाही."

त्यांनी चहा मागवला. "आधी बेअरिंग मोजा. मग या. आज दिलं तर मी अंदाजाने देणार आणि तुम्ही मला शिव्या घालणार."

रिकाम्या हाताने परत. येताना तलासरीच्या पुढे हायवेवर ट्रकांची रांग लागलेली. उन्हात उभा राहून राहून डोकं दुखलं. घरी आल्यावर कुसुम म्हणाली, "बेअरिंग आणायला गेलात ना? कुठाय?"

११ मार्च, मंगळवार

शेजारच्या कारखान्यातून तापमान मोजायची बंदूक मागून आणली. मशीन चालू असताना झरोक्यातून धरली. साच्यांपाशी ठीक आहे. पण बर्नरकडच्या हाऊसिंगवर आकडा दोनशेच्या वर! दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा पीयूषशेठना मोजायला लावलं.

ह्यात साधं ग्रीस कसं टिकणार? आणि बेअरिंगचं ते रबराचं सील – बिस्किटासारखं चुरा होऊन पडतं, ते का, तेही कळलं.

१५ मार्च, शनिवार

होळीमुळे बायका पाड्यावर. आल्या नाहीत, येणारही नाहीत एवढ्यात. भट्टी गार. कारखान्यात मी आणि कबुतरं. किती बरं वाटलं!

निवांत शाफ्टची दोन्ही टोकं उघडली. आणि बघतो तर दोन्ही बेअरिंगं दोन्हीकडून घट्ट आवळलेली. लोखंड तापलं की लांब होतं, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षी शिकवतात. दोन्हीकडून आवळलेला शाफ्ट लांब झाला तर जाणार कुठे? बेअरिंगलाच दाबणार. तो बिचारा दर वेळी तापून अंग ताणतो आणि आम्ही त्याला दोन्ही खांदे धरून दाबतो.

एक टोक पक्कं, एक सैल. सरकायला वाव पाहिजे. एवढंच!

जमिनीवर बसून राहिलो थोडा वेळ. आनंद व्हायला हवा होता. नुसता थकवा आला.

१९ मार्च, बुधवार

नविनभाईंकडून आत जास्त वाव असलेलं बेअरिंग आणलं, आणि जास्त तापमान सोसणारं महागाचं ग्रीस. पलीकडचं टोक सैल सोडलं. चाललं. आवाज मऊ. शेठ खूश.

२२ मार्च

अजून चालतंय. देवाला हात जोडलेत.

२४ मार्च, सोमवार

ठिबकलं. जाम नाही झालं, ती किंकाळी नाही – पण ग्रीस ठिबकलंच. कडेच्या साच्यांवरचे फुगे चिकट. पीयूषशेठनी एक फुगा माझ्यासमोर फुगवून फोडला. "आ जुओ." हे बघा – बस, एवढंच म्हणाले. मजूर बघत होते सगळे.

घरी आलो तो तसाच आडवा झालो. कुसुम चिकूच्या पॅकिंगच्या कामावरून आलेली, तिचेही पाय सुजलेले. दोघं दोन खाटांवर. ती छताकडे बघत म्हणाली, "सोडून द्या ना ती नोकरी."

"आणि काय करू?"

"काही नका करू. रात्री झोपेत बेअरिंगशी बोलता तुम्ही."

"काय बोलतो?"

"अरे चल ना बाबा, चल, म्हणता."

दोघंही हसलो. मग ती माझ्या आधी झोपली.

२७ मार्च, गुरुवार

नविनभाईंचाच फोन आला. "रामनाथभाऊ, मी पण मूर्ख. तुमचा शाफ्ट रांगतोय म्हणालात ना? मग ग्रीस हवंच कशाला?"

ग्रीसच नाही अशी बेअरिंगं येतात म्हणे. आत ग्रॅफाइट – पेन्सिलीत असतं ते काळं. ते झिजून स्वतःच गोळ्यांना वंगण देत राहतं. वितळायला काही नाही, ठिबकायला काही नाही. सील नाही. आत वाव भरपूर, म्हणजे लोखंड फुगलं तरी गोळ्या अडकत नाहीत. जोरात फिरणाऱ्या शाफ्टला ते चालणार नाही. हळू फिरणाऱ्याला चालतं.

मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"स्वस्तात भागतंय का ते बघत होतो. तुमच्याच शेठसाठी."

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी कुसुमने एकटीने उभारली. मी कारखान्यात, कारण भट्टी आजच गार मिळणार होती. नवं बेअरिंग हातात घेतलं तर खडखडतं! हाताने फिरवलं की खर्र खर्र, बाहेरची रिंग इकडेतिकडे हलते. पीयूषशेठनी घेऊन कानाशी हलवलं. "हे तर खराब आहे."

"गार असताना असंच लागतं शेठ. तापल्यावर बसेल."

छातीठोकपणे म्हणालो. आतून धाकधूक. बसवलं. हात काळे झाले ते साबणाने पण गेले नाहीत. त्याच हातांनी घरी श्रीखंड खाल्लं.

३१ मार्च

चालू.

२ एप्रिल

चालू! ठिबकत नाही. साच्यांवर पांढरं फडकं फिरवलं – स्वच्छ.

५ एप्रिल, शनिवार

एकदाही थांबली नाही. बंदुकीचा आकडा तोच, दोनशेच्या वर, आणि बेअरिंग आपलं मुकाट फिरतंय. पीयूषशेठनी सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रामनाथभाई, मशीन आता तुमच्यामुळे चालते." त्यांच्या तोंडून असं पहिल्यांदा. कानाला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

लगेच म्हणाले, "आता चेनची स्पीड थोडी वाढवूया?"

वाढवली. बेअरिंगला काही फरक नाही. त्याला झेपते त्याच्या अजून भरपूर खालची स्पीड आहे ही.

९ एप्रिल, बुधवार

मला काम नाही! टूलबॉक्सला हात लागला नाही. खुर्चीवर बसून चहा प्यायलो, तोही गरम असताना. बऱ्याच वर्षांनी.

शुक्री फुगे उतरवता उतरवता तिथूनच ओरडली, "भाऊ, तुमची मशीन आता आजारी पडं नाय काय?"

"नाही पडणार आता!" मी ऐटीत.

वाटलं ती हसेल. हसली नाही. तिचे हात चालूच होते. साचा आला, ओढ, फुगा टाक, पुढचा साचा.

१२ एप्रिल, शनिवार

विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा सुरू झाली. फुग्यांची मागणी एवढी की पीयूषशेठनी रविवारची सुट्टी पण बंद केली. बायकांना यात्रेला जायचं होतं. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणाले.

बाहेर शेडमध्ये नवशीचं लेकरू रडत होतं. झोळीत. तिची सासू हलवत होती, थांबेना. नवशीचा ब्लाउज पुढून ओला. ती सारखी दाराकडे बघते आणि परत साच्याकडे. मी म्हणालो, "जा ना, पाजून ये." तर म्हणाली, "माझे साचे कोण घेल?" खरंच, चेन थांबत नाही. एक साचा तसाच गेला की फुग्यासकट पुन्हा रबरात बुडतो आणि खराब होतो.

जेवण पण आता पाळीपाळीने. एक जण उठते, भाकर गिळते, पळत येते. आधी असं नव्हतं... आधी कसं होतं? जेवायची सुट्टी कधी असायची? मला आठवेना.

१६ एप्रिल, बुधवार

नवशी पडली.

दुपारी, ऊन सगळ्यांत कडक असताना. पत्रा तापलेला, भट्टीची धग, आणि ती उभी होती तशीच गुडघ्यात मोडली. पडताना आधाराला हात पुढे केला तो थेट भट्टीतून निघालेल्या साच्यांवर. मी लाल बटण दाबायला धावलो. चेन थांबली तशी अशी काही शांतता पसरली! मागच्या कितीतरी दिवसांत ती ऐकलीच नव्हती. मग नवशीचं कण्हणं ऐकू आलं.

पीयूषशेठनी लगेच स्वतःच्या गाडीतून डहाणूला दवाखान्यात नेलं, ते मात्र खरं. तळहाताची कातडी गेलीय. अंगात पाणी कमी झालं होतं, डॉक्टर म्हणाले.

शुक्री बदामाखाली एकटीच बसलेली. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "दुपारी पाणी का पीत नाही तुम्ही बायका?"

"पाणी पिलं का मुतायला जायला लागं. मंग साचे?"

तिने तंबाखू थुंकली.

"पयले बरा होता, भाऊ. मशीन बिघडं, तुमी आत जाव, आमी इथं बसूं. पोरांना दूध मिळं. जेवूं, पाठ टेकूं. आमी म्हणूं, देव आहे त्या मशीनीत. आमची दया येते त्याला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी चांगलाच काम केलाव. तुमचा दोस नाय."

'तुमचा दोष नाही' हेच ऐकवेना.

घरी कुसुमला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला आत्ता कळतंय? आमच्याकडे ट्रक उशिरा आला की आम्ही टेकतो. ट्रकवाल्याला एकही बाई शिव्या देत नाही."

१७ एप्रिल

पीयूषशेठशी बोलायचं ठरवून गेलो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "शेठ, नव्या बेअरिंगची रोज दुपारी तपासणी करायला लागेल. अर्धा तास बंद."

"रोज?"

"रोज."

खोटं! मी बर्नर बंद करून आत गेलो आणि टॉर्च घेऊन नुसता उभा राहिलो. बाहेर बायका बसल्या. मला आतून त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

१९ एप्रिल

आजही 'तपासणी'. भट्टीत कोणी नाही, मी आणि ते बेअरिंग. त्याच्याकडे बघून लाज वाटते. त्यात काहीच दोष नाही आणि मी त्याचं नाव खराब करतोय. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे ते.

२१ एप्रिल, सोमवार

पकडलं. पीयूषशेठनी नविनभाईंना फोन लावला होता. ते साहजिकच म्हणाले, त्या बेअरिंगला काही बघावं लागत नाही, म्हणून तर दिलं.

केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं.

"रामनाथभाई, रोज आत काय चेक करता?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"बेअरिंग ठणठणीत आहे, शेठ. बायकांना बसायला मिळावं म्हणून बंद करत होतो."

त्यांचा चेहरा लाल झाला. ओरडतील वाटलं. ओरडले नाहीत. खूप थकलेल्या आवाजात म्हणाले, "तुम्ही मशीन सांभाळा. माणसं मी सांभाळतो."

"नवशीचा हात–"

"तिचा खर्च मी केला ना? अजून काय करू? लोकांना वेळेवर माल द्यायचाय मला. उद्यापासून मशीन थांबणार नाही. बटणाला हात लावायचा नाही, कोणीही. तुम्हीपण."

मी "बरं" म्हणालो. हो, तेवढंच म्हणालो. बाहेर आलो तर शुक्री दारात. तिने सगळं ऐकलं होतं. मी मान खाली घालून टूलबॉक्सकडे गेलो. काहीतरी शोधल्यासारखं करत राहिलो.

२२ एप्रिल

मशीन दिवसभर चालली. एकही खंड नाही. बायका एक शब्द बोलल्या नाहीत, आपसातही नाही. नवशीच्या जागेवर नवी मुलगी. तिला साचे जमत नव्हते, शुक्री स्वतःचे करून तिचेही घेत होती. संध्याकाळी टेम्पोत चढताना शुक्रीने मागे वळून कारखान्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

अंग मोडून आलंय. काम काहीच केलं नाही, तरी.

२३ एप्रिल, बुधवार

झरीहून टेम्पो रिकामा आला. एकही बाई नाही. भट्टी पेटलेली, चेन चालू, फुगे वाळून बाहेर येतायत आणि उतरवायला कोणी नाही. पीयूषशेठनी स्वतः दोनचार ओढले, बोटं भाजून घेतली. मग म्हणाले, "रामनाथभाई, तुमचं ऐकतात त्या. हाच टेम्पो घेऊन जा. समजवा. आणा सगळ्यांना."

गेलो. सगळ्या शुक्रीच्या अंगणात बसलेल्या. नवशी पण, हात फडक्यात बांधलेला, लेकरू मांडीवर. मला बघून कोणी उठलं नाही. शुक्रीने तांब्या पुढे केला.

"भाऊ, न्यायला आलाव का बसायला?"

पाणी प्यायलो. टेम्पोवाल्याला म्हणालो, तू जा परत.

"बसायला."